दुखरा खांदा आणि मोजका भार

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उपटण्याचे दिवस आले, की विदर्भाच्या कापूसपट्ट्यात खांदेदुखीच्या तक्रारी सर्रास ऐकू येतात. चिमट्यात खोड धरून ते मुळासकट ओढून काढताना खांद्यावर एकदम मोठा ताण पडतो, आणि त्याआधीच पावसाळाभर 15-16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर वागवून, दिवसदिवस कापूस वेचून व कापसाची गाठोडी बैलगाडीवर चढवून तो खांदा शिणलेला असतो. अशा माणसाला घरातून, शेजारातून आणि कित्येकदा दवाखान्यातूनही एकच सल्ला मिळतो: हात गळ्यात बांधून ठेवा, महिनाभर काही उचलू नका. मोडलेल्या हाडासाठी हा सल्ला योग्य आहे. अतिकामाने दुखावलेल्या खांद्यासाठी मात्र तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. शिवाय जिची वेचणीची मजुरी किलोवर ठरते, त्या बाईला महिनाभराचा आराम परवडतही नाही.

दंडाच्या हाडाचा वरचा गोळा फऱ्याच्या हाडावरील ज्या खळग्यात बसतो, तो खळगा फार उथळ असतो. लिंबू-चमचा शर्यतीत चमच्यातले लिंबू जसे पावलोपावली सांभाळावे लागते, तसा हा गोळा सांभाळण्याचे काम चार लहान स्नायू करतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पांढऱ्या, चिवट पट्ट्याला कंडरा म्हणतात, आणि या चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन गोळ्याभोवती जे आवरण तयार होते त्याला रोटेटर कफ म्हणतात. आपण हात वर नेतो तेव्हा खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू गोळ्याला वर खेचू पाहतो आणि त्याच वेळी हे चार स्नायू त्याला खळग्यात दाबून धरतात. त्यांपैकी सर्वांत वरच्या, सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा फऱ्याच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकाखालून जाते आणि दुखण्याची सुरुवात बहुधा तिच्यापासून होते. हे टोक कंडरेला घासते म्हणून ती खराब होते, असे अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी 1972 मध्ये मांडले, आणि पुढची कित्येक दशके ते टोक तासण्याच्या शस्त्रक्रिया जगभर होत राहिल्या.

दुखणे घासण्याचे असेल तर विश्रांती हाच उपाय, असे कोणालाही वाटेल. परंतु कंडरा ही निर्जीव वस्तू नाही. तिच्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एकाच दिशेने, एकमेकांना लागून रचलेले असतात. कोलॅजनचा प्रत्येक रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा असतो. त्याची लांबी सुमारे 300 नॅनोमीटर असते, आणि शेजारशेजारचे रेणू नेमक्या 67 नॅनोमीटरच्या अंतराने पुढेमागे सरकवून मांडलेले असतात. या रेणूंमध्ये रासायनिक आडवे बंध तयार झाले, की तो सगळा जुडगा ताण सहन करू शकतो. तंतूंच्या मधल्या फटींमध्ये टेनोसाइट नावाच्या पेशी रांगेने बसलेल्या असतात. त्यांची संख्या थोडी असते आणि त्यांना रक्तपुरवठाही बेताचाच असतो, पण नवे कोलॅजन घडवणे आणि जुने मोडणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडेच असतात.

कोणते काम केव्हा करायचे, हे या पेशींना ताणावरून कळते. स्नायू आकुंचन पावला की कंडरा ओढली जाते, तंतू किंचित लांबतात आणि एकमेकांवरून अगदी थोडे सरकतात. या सरकण्याने मधल्या पेशी घासल्या जातात, आणि त्यांच्या आवरणातील पिएझो-1 नावाची प्रथिनांची दारे उघडून कॅल्शियम आत शिरते. स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या या पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासमवेत मिळाले, आणि त्याच वर्षी झुरिकमधील संशोधकांनी दाखवून दिले की कंडरेचा ताठपणा ठरवण्यात पिएझो-1 चा थेट हात असतो. याशिवाय पेशीचा अंतर्गत सांगाडा इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी बाहेरच्या तंतूंशी बांधलेला असतो, त्यामुळे बाहेरची ओढ आत केंद्रकापर्यंत पोहोचते. या सगळ्या संदेशांतून कोलॅजन बनवण्याची जनुके जागी होतात. ही ओढ थांबवली तर काय घडते, हेही प्राण्यांच्या कंडरांवरील प्रयोगांत दिसले आहे. ताण काढून घेतलेल्या पेशी कोलॅजन कापणारी विकरे अधिक बनवू लागतात. म्हणजे गळ्यात बांधलेल्या हाताची कंडरा नुसती पडून राहत नाही, तर तिच्या पेशी तिलाच आतून मोडू लागतात.

याचा अर्थ जितका ताण अधिक तितके चांगले, असा होत नाही. एका जोरकस व्यायामानंतर कोलॅजन तयार होण्याचा वेग साधारण एका दिवसाने शिखर गाठतो आणि दोन-तीन दिवस वाढलेला राहतो. पण मोडण्याचा वेगही वाढतो, आणि तो आधी वाढतो. त्यामुळे पहिले 24 ते 36 तास हिशेब तोट्याचा असतो आणि त्यानंतर नफा सुरू होतो. वेचणीच्या हंगामात रोज सकाळी हा तोटा भरून निघण्याआधीच पुन्हा तोच ताण पडतो, आणि कंडरा हळूहळू मागे पडत जाते. माझ्या मते दुखावलेला अवयव पुन्हा कामाजोगा करणाऱ्या साऱ्या पुनर्वसनशास्त्राचे मर्म या दीड दिवसाच्या हिशेबात आहे. जोराचा व्यायाम दिवसाआड द्यायचा, तो क्रमाक्रमाने वाढवायचा आणि किमान 12 आठवडे धीर धरायचा. स्नायूची ताकद दोन-तीन आठवड्यांतच वाढल्यासारखी वाटते, पण ती मुख्यतः मज्जासंस्थेची सुधारणा असते. कंडरेचा बदल त्यामागून, कित्येक महिन्यांनी येतो.

आता निरनिराळ्या उपचारांची तुलना पाहू. हाडाचे टोक तासण्याच्या शस्त्रक्रियेची खरी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2018 च्या अंकात छापून आले. त्यात 313 रुग्णांचे तीन गट होते. एका गटाचे टोक तासले, दुसऱ्या गटात फक्त दुर्बीण आत घालून पाहिले पण काहीही तासले नाही, आणि तिसऱ्या गटावर कोणताच उपचार केला नाही. सहा महिन्यांनंतर पहिल्या दोन गटांत फरक आढळला नाही, आणि तिसऱ्या गटापेक्षा ते जेवढे पुढे होते तेवढा फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरण्याइतका नव्हता. फिनलंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 55 वर्षांवरील रुग्णांच्या, इजा न होता फाटलेल्या सुप्रास्पायनेटस कंडरेवर तीन उपचार ताडून पाहिले. केवळ फिजिओथेरपी, तिच्याबरोबर टोक तासणे, आणि या दोन्हींबरोबर कंडरा शिवणे, या तिन्हींचे निकाल वर्षभराने जवळपास सारखेच होते.

गावात राहणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचा अभ्यास मला ग्रास्प हा वाटतो. ब्रिटनमध्येच झालेल्या आणि 2021 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोटेटर कफच्या दुखण्याचे 708 रुग्ण होते. काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहापर्यंत भेटी देऊन चढत्या क्रमाचे व्यायाम शिकवले. इतरांना एकाच सविस्तर भेटीत आजार समजावून सांगितला आणि घरी करायचे व्यायाम दाखवले. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने पहिल्या काही आठवड्यांत थोडा आराम पडला, पुढे त्याचा फायदा उरला नाही. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट सहसा नसतो, तालुक्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. अशा वेळी एक नीट समजावलेली भेट आणि घरचा व्यायाम पुरेसा ठरू शकतो, ही केवळ सोयीची गोष्ट नसून पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट आहे.

म्हणूनच दोन प्रकारांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. ‘नस चढली’ असे सांगून हाताला हिसका देणारे, गरम सळईने डाग देणारे किंवा मंतरलेला दोरा दंडाला बांधणारे अजूनही आहेत. हिसक्याने अर्धवट फाटलेली कंडरा पूर्ण फाटू शकते आणि डागाने फक्त कातडी जळते. दुसरीकडे शहरातील चकचकीत दवाखान्यांत रोज वीस मिनिटे करंट आणि अल्ट्रासाउंडचा शेक देऊन महिनाभराचे पैसे घेतले जातात. खांद्याच्या अशा दुखण्यात अल्ट्रासाउंडच्या शेकाचा, बंद मशीनच्या तुलनेत, म्हणण्यासारखा फायदा दिसलेला नाही. शेकाने त्या वेळी बरे वाटते, हे खरे. पण पडून राहिलेल्या कंडरेवर त्याने ताण येत नाही, आणि ताणाशिवाय पेशींना कामाचा निरोप मिळत नाही.

घरचा व्यायाम साधा असतो. सुरुवातीला कोपर कुशीला टेकवून, मनगटाच्या मागच्या बाजूने दाराच्या चौकटीवर दाब द्यायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. हात हलत नाही, तरी कंडरा ताणली जाते. काही दिवसांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, काखेत टॉवेलची गुंडाळी धरून हात बाहेरच्या बाजूला ओढायचा. पुढे पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन हात समोरून तिरका वर न्यायचा आणि, हे विशेष महत्त्वाचे, तो सावकाश खाली आणायचा. व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पूर्वपदावर आले तर भार योग्य आहे, रात्री झोप मोडली तर तो कमी करावा. शेतातही हाच नियम लावता येतो: पंप निम्माच भरावा, गाठोडे लहान बांधावे, आणि पऱ्हाटी उपटणे व गाडी भरणे ही कामे एकाच दिवशी करू नयेत.

सगळेच खांदे या नियमात बसत नाहीत. पडल्यावर किंवा बैलाने हिसका दिल्यावर हात अचानक वर जाईनासा झाला, तर कंडरा ताजी फाटलेली असू शकते आणि अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाला काही दिवसांतच दाखवावे लागते, कारण उशीर झाल्यास स्नायू आखडतो आणि शिवणे अवघड होते. शिवलेल्या कंडरेला पहिले काही आठवडे खरोखरच पट्ट्याचा आधार लागतो. निखळलेला खांदा गावात बसवून घेऊ नये. मधुमेह असलेल्यांमध्ये अधिक आढळणारा जखडलेला खांदा हा वेगळाच आजार असून त्यात सांध्याभोवतीची पिशवी आकसते. तिथे दुसऱ्याने धरूनही हात बाहेरच्या बाजूला फिरत नाही, ही त्याची खूण. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 503 रुग्णांच्या अभ्यासात भूल देऊन सांधा मोकळा करणे, दुर्बिणीने पिशवी सैल करणे आणि इंजेक्शनासह फिजिओथेरपी या तिन्ही पद्धतींनी रुग्ण सुधारले, आणि रुग्णाला जाणवेल इतपत कोणतीच पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. अशा रुग्णाने आधी रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि दुखणे तीव्र असेपर्यंत हात बळाने ओढू नये.