गंजलेल्या सळीवर नवे प्लास्टर: दुरुस्ती की झाकणी?

स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या की रसायन मिसळलेले प्लास्टर चढवावे, इमारत पुन्हा पक्की होते, असा संदेश मुंबईतील सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो. तो खरा नाही.

ताज्या काँक्रीटचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२ ते १३ असतो आणि त्यामुळे सळीवर संरक्षक थर टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तो सामू ९ च्या आसपास उतरला (याला कार्बोनेशन म्हणतात), किंवा खाऱ्या हवेतील क्लोराइड सळीपर्यंत पोचले, की हा थर मोडतो आणि पोलादापेक्षा जास्त जागा व्यापणारा गंज काँक्रीटला आतून फोडतो. जुन्या भागात क्लोराइड राहिले, तर नव्या थिगळाच्या कडेलाच गंज वाढू शकतो, आणि हे रहिवाशांना सहसा कोणी सांगत नाही.

हे पडताळता येते. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे सामूनुसार रंग बदलणारे द्रावण फवारल्यास शाबूत भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला रंगहीन राहतो; क्लोराइडसाठी मात्र वेगळी चाचणी लागते.

म्हणूनच कारण शोधणे, सळीचा उरलेला व्यास मोजून भारक्षमता तपासणे आणि फोडकामापूर्वी टेकू कुठे द्यायचे ते ठरवणे ही स्ट्रक्चरल इंजिनिअरची जबाबदारी असते. ठेकेदाराचे हमीपत्र तिची जागा घेऊ शकत नाही, त्यामुळे सोसायटीने काम सुरू होण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी इंजिनिअरच्या स्वाक्षरीसह लेखी मागाव्यात.