चेहऱ्याची लेन्स, कागदाची लेन्स
पोर्ट्रेटसाठी ८५ मिमीची लेन्स घ्यावी की १०० ची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी, हा प्रश्न हौशी फोटोग्राफरला कधी ना कधी पडतोच. फोकल लेंथ (हेच ते मिमीचे आकडे) जवळपास सारखी, त्यामुळे दोन्ही एकाच घरातल्या वाटतात. प्रत्यक्षात एक माणसाच्या चेहऱ्यासाठी जन्मली, दुसरी छापील कागदासाठी.

१८३९ साली डॅगेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्स एफ १५-१६ च्या आसपास उघडत (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). लख्ख उन्हातही एक्स्पोजर काही मिनिटांचं. इतका वेळ माणूस न हलता बसणार कसा? म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावून डोकं स्थिर धरत. १८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी भिंगांचं गणित आधी कागदावर मांडलं. त्या प्रचंड आकडेमोडीसाठी तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं त्यांच्या मदतीला होती. फोइग्टलेंडर कंपनीने घडवलेली ही लेन्स एफ ३.६ च्या आसपास उघडायची, म्हणजे पंधरा-वीस पट जास्त प्रकाश. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

तिच्यात एक मोठा दोष होता. मध्यभाग धारदार, पण कडेला चित्र भोवऱ्यासारखं फिरत विरून जायचं. नकाशाची नक्कल करायला ती कुचकामी. चेहरा मात्र मध्यभागीच असतो, आणि मागचं सगळं विरलं तर उलट बरंच. चेहऱ्यामागे मऊ पार्श्वभूमी हवी ही आपली आवड इथेच रुजली असावी, असं मला मनापासून वाटतं.

१९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३५ मिमी फिल्म रुळली. १९३० च्या दशकात लायकासाठी ९० ची एल्मार आणि कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी ८५ ची एफ २ सोन्नार मिळू लागली. हेच आकडे का टिकले? कारण अंतर. ५० ने डोकं-खांदे उभ्या फ्रेममध्ये भरायचे तर पाऊण मीटरपर्यंत जावं लागतं, आणि तिथून नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. १०० ने तेवढीच फ्रेम दीड मीटरवरून मिळते. हा फरक लेन्समुळे पडत नाही, आपण कुठे उभे राहतो त्याने पडतो. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये टिपलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा चेहरा निकॉनच्या १०५ एफ २.५ चा आहे.

मॅक्रोचं कुळ वेगळं. १९५५ मध्ये किलफिट कंपनीची ४० मिमी मॅक्रो-किलार आली. पुढच्याच वर्षी निकॉनने ५० ची मायक्रो-निकॉर आणली, ती मायक्रोफिल्मसाठी, म्हणजे कागदपत्रांची फिल्मवर बारीक नक्कल करायला. जपानीतल्या कांजी अक्षरांतल्या दाट रेघा इवल्याशा फिल्मवर सुट्या वाचता याव्यात, कागदाच्या कोपऱ्यातलं अक्षरही मधल्याइतकंच स्पष्ट यावं, ही गरज. पेट्झव्हालच्या नेमकं उलट! निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना आजही ‘मायक्रो’ म्हणतं.

१९७९ मध्ये टॅमरॉनची ९० एफ २.५ आली. वस्तू फिल्मवर खऱ्याच्या निम्म्या आकारापर्यंत उमटेल असे क्लोज-अप, शिवाय पोर्ट्रेटलाही सुंदर. दोन्ही कुळांची सोयरीक खऱ्या अर्थाने जमली ती अशा लेन्समध्ये.

मूळ स्वभाव तरी अजून दिसतो. मॅक्रोने त्वचेचं छिद्र न् छिद्र दिसतं अशी तक्रार असते. मी दोष प्रकाशाला देईन. खिडकीचा मऊ उजेड बाजूने घ्या, तीच त्वचा छान दिसते. १०० मॅक्रो एफ २.८ वर एक मीटरवरून लावली तर फोकस जेमतेम दीड सेंटीमीटर खोल असतो: चेहरा थोडा वळलेला असेल तर जवळच्या डोळ्याच्या पापण्या कोरीव आणि पलीकडचा डोळा मऊ. मॅक्रोचा ऑटोफोकस बऱ्याचदा लांबचा प्रवास करत चाचपडतो, त्यामुळे धावत्या मुलांसाठी मी ८५ एफ १.८ च घेईन. पण फुलपाखराच्या पंखावरचे खवले हवे असतील तर त्या ८५ चा उपयोग नाही. ती साधारण ८० सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही.