सरकीच्या तेलातला काळा रंग जातो कुठे?

सरकीचा दाणा मधोमध कापून पाहा. फिकट पिवळ्या गरात बारीक काळपट ठिपके दिसतील. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल असतं, कपाशीने किडींपासून बचावासाठी तयार केलेलं विष. गाई-म्हशी सरकी पचवतात, कारण रवंथ करताना पोटात बरंचसं गॉसिपॉल प्रथिनांना बांधलं जातं. कोंबड्यांना आणि माणसांना ते बाधतं.

गाळप करताना हे गॉसिपॉल तेलात उतरतं आणि तेल तांबूस-काळं निघतं. ‘घाण्याचं कच्चं तेल तेच खरं’ हे शेंगदाण्याला, तिळाला ठीक आहे. सरकीला मुळीच लागू नाही. हे तेल शुद्ध केल्याशिवाय खाऊच नये.

प्रयोगशाळेत तेल शुद्ध करताना सगळ्यात नाजूक काम कॉस्टिक सोड्याचं. तो तेलातल्या मोकळ्या, म्हणजे तेलापासून सुट्या झालेल्या, मेदाम्लांचा साबण करतो. आधी थोडं तेल अल्कोहोलमध्ये मिसळून, फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) घालून, अल्कलीचे म्हणजे सोड्यासारख्या आम्लारीचे थेंब सोडायचे. गुलाबी रंग टिकला की तेलातली मोकळी आम्लं किती ते कळतं. समजा ती २ टक्के निघाली, तर १०० ग्रॅम तेलाला हिशेबाने फक्त ०.२८ ग्रॅम सोडा पुरतो. पण गॉसिपॉलही सोडा खातं, म्हणून थोडा जास्त घ्यावा लागतो. फार जास्त झाला, तर चांगल्या तेलाचाच साबण होतो! माझ्या मते रिफायनिंगचं खरं कसब याच मापात आहे.

सोड्याचं द्रावण घालून साधारण ६५ अंशांपर्यंत तापवत हळूहळू ढवळलं, की काळपट साबणाचे गोळे फुटून निघतात आणि गॉसिपॉल, डिंकासारखे चिकट पदार्थ सोबत घेऊन तळाशी बसतात. वर पिवळं तेल राहतं. जोरात ढवळलं तर मात्र तेल-साबण घुसळून एकजीव होतात आणि वेगळे करताना जीव मेटाकुटीला येतो. कच्चं तेल उष्ण जागी फार दिवस पडलं असेल, तर रंग पक्का बसतो आणि पुढे रंग काढणाऱ्या मातीलाही जुमानत नाही.

मग गरम पाण्याने धुणं, शोषक मातीने रंग काढणं, निर्वातात २०० अंशांवर वाफ सोडून वास घालवणं. या वाफेबरोबर थोडं ई जीवनसत्त्वही जातं, हे मान्य करायला हवं.

सरकीच्या तेलात जवळपास पाव हिस्सा पामिटिक आम्ल (थंडीत गोठणारं मेदाम्ल) असतं, त्यामुळे थंडीत ते गढूळ होतं. सॅलडसाठीचं तेल म्हणूनच थंड करून, गोठलेला भाग गाळून काढतात. मग बाटली बर्फाच्या पाण्यात साडेपाच तास ठेवतात. तरीही तेल नितळ राहिलं तरच ते पास.