साठ ग्रॅम आणि एक खुर्ची

मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या फलाटावरच्या, म्हणजे रिगवरच्या, 2010 सालच्या अपघाताचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्या खात्याच्या डोक्यावर एखादा इंजिनियर बसवला असता तर हे झालंच नसतं." गंमत म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय चौकशी आयोगानंही जवळपास हेच लिहिलं. समुद्रातल्या तेलविहिरींवर देखरेख करणारं एमएमएस हे खातं 1982 साली निघालं. तेव्हापासून त्याच्या एकाही प्रमुखाला ड्रिलिंगच्या सुरक्षेचं म्हणावं असं तांत्रिक ज्ञान नव्हतं, असा आयोगाचा शेरा आहे. तरीही मला ते वाक्य अर्धंच खरं वाटतं. का, ते सांगायला आधी समुद्राच्या तळाखाली उतरावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मला तिथंच जायचं आहे.

तेलविहीर खोदताना ती कोरडी नसते. पाणी किंवा तेलात माती आणि बॅराइटसारखी जड भुकटी कालवून केलेलं दाट मिश्रण तिच्यात सतत फिरत असतं. रिगवर त्याला सरळ ‘मड’ म्हणतात. खडकाचा भुगा वर आणणं हे त्याचं एक काम. दुसरं, जास्त महत्त्वाचं काम म्हणजे नुसतं जड असणं. खडकाच्या छिद्रांतलं तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात. त्यांना थोपवून धरतो तो मडच्या उभ्या स्तंभाचा दाब. शाळेतलं सूत्र आठवा: घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची.

मग मड वाटेल तितकं जड का करू नये? मडक्यात भात उकळतोय, झाकण उडू नये म्हणून वर वजन ठेवायचंय अशी कल्पना करा. वाटी ठेवली तर वाफ झाकण उडवते. वरवंटा ठेवला तर मडकंच तडकतं. मड हलकं पडलं की वायू विहिरीत शिरतो, फार जड झालं की खडकाला भेगा पडून मडच त्यांत निघून जातं. मड गेलं की स्तंभ खचतो, दाब उतरतो आणि वायूला वाट मोकळी. म्हणजे चूक कुठल्याही बाजूला झाली तरी शेवट एकच. या दोन मर्यादांमधल्या फटीत राहून खोदत जायचं. फट संपत आली की पोलादी नळी, म्हणजे केसिंग, उतरवून तिच्याभोवती सिमेंट भरायचं आणि आतून पुढची, आणखी अरुंद विहीर सुरू करायची.

खोल समुद्रात ही फट मुळातच चिंचोळी असते. जमिनीवर साडेपाच किलोमीटर खाली गेलात तर डोक्यावर साडेपाच किलोमीटर खडक असतो, आणि त्या ओझ्यामुळे खालचा खडक आवळला जाऊन सहज फाटत नाही. होरायझन जिथं खोदत होतं त्या मकोंडो विहिरीवर यातला वरचा सुमारे दीड किलोमीटर नुसतं पाणी होतं. पाणी खडकाच्या निम्म्याहून हलकं. ओझं कमी, म्हणून खालचा खडकही लेचापेचा. मकोंडोत मड खडकात जाऊ लागलं आणि 18,360 फुटांवर, म्हणजे सुमारे 5,600 मीटरवर, खोदकाम ठरल्यापेक्षा आधीच थांबवावं लागलं. पुढं जायला फटच उरली नव्हती.

आता थोडं गणित. नको असेल त्यांनी परिच्छेद गाळावा, पण मग माझी निम्मी मजा गेली. मडची घनता पाण्याच्या सुमारे 1.68 पट होती. 5,600 मीटरला त्याचा दाब 900 वातावरणांच्या थोडा वर जातो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा दाब). तेलाच्या थरातला दाब 800 च्या आसपास. म्हणजे शंभरेक वातावरणांची शिल्लक. 20 एप्रिल 2010 च्या संध्याकाळी विहीर तात्पुरती बंद करून ठेवण्याची तयारी म्हणून वरच्या 8,367 फुटांतलं, म्हणजे अडीच किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंतचं, मड काढून समुद्राचं पाणी भरायचं ठरलं. घनतेतला फरक धरून हिशेब केला तर तळाचा दाब साधारण 160 वातावरणांनी उतरतो. 900 वजा 160, समोर 800. मडचं पारडं वर गेलं. आता सगळी भिस्त तळाच्या सिमेंटवर, आणि ते सिमेंट धरलंच नव्हतं.

ते पाहायला एक चाचणी असते: दाब मुद्दाम उतरवायचा आणि खालून काही वर येतंय का ते बघायचं. त्या दिवशी ड्रिल पाइपवरच्या मापकात चौरस इंचामागे 1,400 पौंडांचा दाब चढला होता, म्हणजे खालून काहीतरी ढकलत होतं; बाजूच्या नळीत मात्र शून्य. मंडळींनी काहीतरी कारण शोधून चाचणी उत्तीर्ण ठरवली. रात्री स्फोट झाला. 11 जण गेले, तेल 87 दिवस वाहत राहिलं. त्याच दिवशी कंपन्यांचे मोठे अधिकारी रिगवर आले होते. निमित्त, कामगार जायबंदी न होता गेलेली सात वर्षं! घसरून पडणं, बोट चेमटणं यांच्या हिशेबातून विहिरीच्या तळाचा दाब कळत नाही, पण प्रशस्तिपत्रकं त्याच हिशेबावर वाटली जातात. (त्या दिवशी मंगळवार होता. घातवार शोधणाऱ्यांनी खुशाल पंचांग उघडावं.)

आता खुर्ची. मड काढायचा हा बेत विहीर खोदून घेणाऱ्या बीपी कंपनीनं 16 एप्रिलला एमएमएसकडे पाठवला होता आणि त्याच दिवशी तो मंजूर झाला. दाब उतरवण्याची ती चाचणी करायलाच हवी, असा नियमही तेव्हा नव्हता. एमएमएसच्या तेव्हाच्या प्रमुख एलिझाबेथ बर्नबॉम पेशानं वकील होत्या, एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. एमएमएसच समुद्राचे पट्टे भाड्यानं देत होतं, तेलाची रॉयल्टी गोळा करत होतं आणि सुरक्षाही बघत होतं. करांखालोखाल सरकारी तिजोरीत सर्वाधिक भर घालणाऱ्या खात्यांपैकी ते एक. अशा ठिकाणी "आज खोदू नका" म्हणणारा माणूस, मग तो कुठलीही पदवी घेऊन आलेला असो, आपल्याच खात्याची आवक अडवत असतो.

27 मे 2010 ला बर्नबॉम पायउतार झाल्या. त्यांच्यानंतर आलेले मायकेल ब्रॉमविच हेही वकीलच, पूर्वीचे सरकारी तपासनीस. पण त्यांच्या काळात खात्याचे तुकडे झाले: वसुली वेगळी, पट्टे वेगळे आणि 1 ऑक्टोबर 2011 पासून सुरक्षेचं खातं वेगळं. त्याच्या बीएसईई या आद्याक्षरांचा उच्चार तिकडे ‘बेसी’ असा करतात. ती चाचणी सक्तीची झाली तीही ब्रॉमविच यांच्याच कारकिर्दीत, 2010 मध्ये. पुढं बेसीवर तटरक्षक दलातले निवृत्त अधिकारी आले. त्यांतल्या ब्रायन सालेर्नो यांच्या वेळी, 2016 मध्ये, आपल्या त्या फटीला नियमात आकडा मिळाला: मडची घनता खडक फाटण्याच्या मर्यादेपेक्षा गॅलनमागे निदान अर्ध्या पौंडानं कमी हवी, नाहीतर कारण लेखी द्या. अर्धा पौंड म्हणजे लिटरमागे साठ ग्रॅम. मूठभर मीठ वाटावं असा फरक, पण 5,600 मीटरला त्याचे 32 वातावरण दाब होतात. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पंधरापट! तेल उद्योगानं या साठ ग्रॅमवरून बराच वाद घातला. लुइझियानाच्या राजकारणातून आलेल्या स्कॉट अँजेल यांच्या काळात, 2019 मध्ये, नियम सैल झाले. आकडा राहिला. मात्र विहिरीच्या तोंडावरची प्रचंड झडप तपासणारी संस्था बेसीनं आधी मान्य केलेली हवी, ही अट गेली.

आयोगानं आणखी एक सुचवलं होतं: या प्रमुखाला ठरावीक मुदत द्या, म्हणजे सरकार बदललं तरी खुर्ची हलणार नाही. तसं झालं नाही. बेसीचा प्रमुख अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचा (आपल्या गृहखात्यासारखं नव्हे, तिकडे ते जमीन आणि खनिजं सांभाळतं) मंत्री नेमतो, सिनेटची संमतीही लागत नाही.

आपल्याकडे जुलै 2005 मध्ये, महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या फलाटाला जहाज धडकून आग लागली आणि 22 जण गेले. 2008 च्या नियमांनी समुद्रातल्या तेलकामाची सुरक्षा तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे, ओआयएसडीकडे, आली. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखाली, आणि मुंबई हाय चालवणारी ओएनजीसीही त्याच मंत्रालयाची कंपनी. तीच कंपनी आसामात जमिनीवर विहीर खोदते तेव्हा मात्र तपासायला खाण सुरक्षा महासंचालनालयाचा माणूस येतो, आणि त्याचा पगार श्रम मंत्रालयाकडून होतो.