डॉक्टरांमधलं मानसिक आजारपण आणि आत्महत्या (बेळगाव सीमाभाग)

डॉक्टर, इंटर्न, पीजी करणारे रेसिडेंट यांच्यातलं डिप्रेशन, चिंता, बर्नआऊट (कामानं पार थकून, कोमेजून जाणं), व्यसन आणि त्यातून होणाऱ्या आत्महत्या असा हा विषय.

डॉक्टरांमध्ये आत्महत्या जास्त होतात हे पहिल्यांदा कुणी म्हटलं यावर एकमत नाही. बरेच जण १८५८ च्या सुमाराच्या इंग्लंडमधल्या निरीक्षणाकडे बोट दाखवतात, पण ती आजच्या अर्थानं मोजणी होती असं म्हणणं धाडसाचं वाटतं. शर्नहॅमर आणि कोल्डिट्झ यांनी २००४ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून सामान्य लोकांच्या तुलनेत पुरुष डॉक्टरांत १.४१ पट आणि स्त्री डॉक्टरांत २.२७ पट प्रमाण काढलं, तेच आकडे अजून सगळीकडे फिरतात. २०२४ च्या नव्या, जास्त देशांच्या विश्लेषणात मात्र पुरुषांचं प्रमाण जवळपास लोकांइतकंच (१.०५) आलं, स्त्रियांचं १.७६ राहिलं. हे नवे आकडे जास्त भरवशाचे वाटतात, आणि स्त्री डॉक्टरांचा प्रश्न वेगळा धरायला हवा हे दोन्हींतून दिसतंच.

भारतात नॅशनल मेडिकल कमिशनच्या (वैद्यकीय शिक्षणावर देखरेख करणारी संस्था) टास्क फोर्सनं २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको आणि एक दिवस सुट्टी हवी असं सांगितलंय, म्हणजे ७४ तास ही सवलत धरावी लागते यावरूनच काय चाललंय ते कळतं. रेसिडेंट डॉक्टरांच्या कामासाठीच्या १९९२ च्या सरकारी रेसिडेन्सी स्कीममध्ये तर आठवड्याला ४८ तास लिहिले होते.

बेळगावात जेएनएमसी (जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज) १९६३ पासून आहे, पुढं बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजही आलं, आणि पेशंट खानापूर, निपाणीबरोबर चंदगड, गडहिंग्लजकडूनही येतात. मराठी घरातून आलेल्या पोराला वॉर्डात कन्नड, हिंदी, मराठी अशी कसरत करत रात्र काढावी लागते. मोठी अडचण इथलं लहान वर्तुळ, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आपलेच सर नाहीतर बॅचमेट, त्यांच्यापुढं कसं बोलणार. धारवाडचं डिमान्स (मानसिक आजारांवरचं सरकारी हॉस्पिटल, मूळ संस्था साधारण १८४५ ची मानतात) जवळच, पण 'वेड्यांचं हॉस्पिटल' ही जुनी ओळख अजून पुसलेली नाही, आणि डॉक्टर स्वतः तिथं पेशंट म्हणून जायला कचरतो, मनातल्या मनात स्वतःच निदान करून औषधं घेत बसतो. हे फार घातक आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण होता असं धरून चालतं आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतं. टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६) चोवीस तास चालू असतं, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतं, आणि फोन करताना आपण डॉक्टर आहोत हे सांगायची गरज नाही.