अर्ध्या गिरकीची किंमत

ऑलिंपिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्टवरून, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून, उडणारी मुलगी आणि अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या संघातून उडणारी मुलगी, दोघींची उडी बहुतेक वेळा एकाच घराण्यातली असते: युर्चेन्को, म्हणजे पाठमोरी टेबलावर झेप घेऊन मारलेली उडी. टेबल तेच, १२५ सेंटीमीटर उंचीचं. आज विद्यापीठात खेळणाऱ्या काही मुली तर कालपरवापर्यंत ऑलिंपिकच्याच वाटेवर होत्या. बदलते ती फक्त गुण देण्याची रीत. पण कोणत्या सांध्यावर किती भार पडणार, आठवड्यात किती तास सराव होणार आणि दुखापत नेमकी कुठे होणार, यातलं बरंचसं या रीतीवरूनच ठरतं.

१९७६ साली माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला पैकीच्या पैकी १० गुण मिळाले, ते आपल्याकडेही घराघरांत माहीत आहे. ती दहाची पद्धत आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून २००६ मध्ये गेली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गटात एका खेळाडूच्या कसरतीची सुरुवातीची किंमत ०.१ ने कमी धरली गेली, त्यावरून मोठा वाद झाला आणि त्यानंतर गुणांच्या नियमांचं पुस्तकच नव्याने लिहिलं गेलं. तेव्हापासून गुणांचे दोन भाग आहेत. पहिला काठिण्याचा. बार्स, बीम आणि फ्लोअर या व्हॉल्टशिवायच्या तीन साधनांवर मुलीच्या सर्वांत अवघड आठ हालचाली मोजतात. सोप्या हालचालीला ०.१, त्याहून अवघड हालचालीला ०.२, अशी चढण असते. या भागाला वरची मर्यादा नाही. दुसरा भाग सफाईचा. तो १० पासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे घटतो: लँडिंगला छोटी उडी ०.१, मोठं पाऊल ०.३, पडलं तर थेट १.०.

अमेरिकन विद्यापीठांच्या स्पर्धांत मात्र दहाची पद्धत अजून टिकून आहे. तिथे ठरावीक काठिण्य गाठलं की कसरतीची किंमत १० होते. त्यापुढे कितीही अवघड काही केलं तरी हाती काही लागत नाही.

आता व्हॉल्टचा हिशेब मांडू. गिरकी म्हणजे हवेत अंगाच्या लांबीभोवती फिरणं. २०२२-२४ च्या आंतरराष्ट्रीय पुस्तकात दोन गिरक्यांच्या युर्चेन्कोला काठिण्याचे ५.० गुण होते आणि अडीच गिरक्यांच्या उडीला, म्हणजे अमानारला, ५.४. अर्ध्या गिरकीचे ०.४ गुण. ती अर्धी गिरकी घेताना लँडिंग बिघडून मोठं पाऊल पडलं आणि ०.३ गेले, तरी ०.१ चा फायदा उरतोच. विद्यापीठाच्या स्पर्धेत एका गिरकीच्या युर्चेन्कोची किंमत ९.९५ आणि दीड गिरकीची १०. इथे अर्ध्या गिरकीला फक्त ०.०५ मिळतात, लँडिंगला जरा जास्त हललं की ते गेलेच. तीच अर्धी गिरकी एकीकडे पदक मिळवून देते, तर दुसरीकडे तिचा जेमतेम खर्च निघतो.

या हिशेबाचं टोक आपण रिओमध्ये पाहिलं आहे. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने २०१६ मध्ये प्रोदुनोव्हा केली: टेबलावर हँडस्प्रिंग, म्हणजे हात टेकून उलटणं, आणि नंतर पुढच्या दिशेने दोन कोलांट्या. तेव्हा तिचं काठिण्य ७.० होतं, अंतिम फेरीतल्या बहुतेक उड्यांपेक्षा कितीतरी वर. लँडिंगला बैठक इतकी खोल गेली की ती मॅटला टेकली की नाही, हे पुन्हापुन्हा पाहावं लागलं. दोन उड्यांची सरासरी १५.०६६, कांस्यपदक ०.१५० ने हुकलं. सफाईचे गुण जाऊनही ही उडी परवडते, हे गणित बिनचूक होतं. पण प्रोदुनोव्हात घोटे आणि गुडघे जे सोसतात, त्याचा रकाना त्या गणितात नाही. २०१७ मध्ये बाकीच्या व्हॉल्टबरोबर प्रोदुनोव्हाचीही किंमत उतरवून ६.४ केली गेली.

युर्चेन्को मुळात होते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. मुलगी सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने धावत येते, स्प्रिंगबोर्डच्या अलीकडे हात टेकून राउंडऑफ, म्हणजे दोन्ही पाय जुळवून संपणारी कडेची उलटी, घेते आणि दोन्ही पाय एकदम बोर्डवर आणते. आता तिची पाठ टेबलाकडे असते. तशीच मागे झेप घेऊन ती टेबलावर हात टेकते. हा स्पर्श सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो आणि सगळं काम त्यातच उरकायचं असतं. कोपरं सरळ, खांदे कानांना भिडलेले, हात टेबलाला ढकलतात आणि पुढे जाण्याचा वेग उंचीत बदलतो. प्रशिक्षक याला ब्लॉक म्हणतात. कोपर किंचित वाकलं किंवा खांदे दबले, की तो वेग सांध्यांतच जिरतो आणि उंची मिळत नाही.

हात सुटले की शरीराचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा, गोठतो. हवेत तो वाढवता येत नाही; फक्त वाटता येतो. गिरकी येते ती या वाटपातून. एक हात झपकन छातीशी ओढला की शरीर किंचित कलतं आणि कोलांटीच्या साठ्यातला काही भाग गिरकीकडे वळतो. अंग जितकं अरुंद, तितकी गिरकी वेगवान. म्हणूनच सर्वांत जास्त आढळणारी चूक ही, की हवेत वेळ अपुरा आहे असं वाटून मुलगी हात टेबलावर असतानाच वळायला लागते. मग ब्लॉक एका हाताने होतो, उंची कमी मिळते आणि गिरकी अर्धवट असताना पाय जमिनीला लागतात. पाऊल मॅटमध्ये रुतलेलं आणि वरचं शरीर अजून फिरतंय, हीच ती वेळ जेव्हा गुडघा स्थिर ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध तुटतो.

आणखी एक गोष्ट पडद्यावर सहसा लक्षात येत नाही. एक किंवा दोन पूर्ण गिरक्यांनंतर मुलगी टेबलाकडे तोंड करून उतरते आणि जमीन तिला आधीच दिसते. दीड किंवा अडीच गिरक्यांनंतर टेबल पाठीमागे असतं आणि शेवटच्या टप्प्यात जमीन नजरेला सापडत नाही. म्हणजे अर्धी गिरकी वाढते तेव्हा लँडिंग आंधळं होतं, आणि भिस्त कानातल्या तोलाच्या अवयवावर व स्नायूंच्या सवयीवर येते. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. दीड गिरकीनंतर आपण हवेत कुठे आहोत हेच तिला कळेना. खेळाडू याला ट्विस्टीज म्हणतात. ती थांबली, यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. ज्यांनी हे उड्डाणाचं गणित समजून घेतलं होतं, ते मात्र त्या टीकेत नव्हते.

ही उडी शिकवण्याची शिडी ठरलेली आहे. आधी जमिनीवर रेघ आखून राउंडऑफ, मग टम्बल ट्रॅक या लवचीक पट्ट्यावर राउंडऑफ आणि बॅक हँडस्प्रिंग. त्यानंतर टेबलाच्या जागी मॅटची थप्पी रचून बोर्डवरून तिच्यावर पाठीवर पडायचं. या सरावाला टायमर म्हणतात. मग खरं टेबल आणि पलीकडे स्पंजच्या तुकड्यांनी भरलेला फोम पिट, मग पिटवर टाकलेली मऊ गादी आणि शेवटी स्पर्धेची २० सेंटीमीटर जाडीची मॅट. गिरकी अर्ध्या-अर्ध्याने वाढते. आधीच्या पायरीवर उंची दर वेळी सारखी मिळत नसेल, तर पुढची गिरकी द्यायची नाही. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, आणि निवड चाचणी तोंडावर आली की सर्वांत आधी तोच मोडतो. बोर्डभोवती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची मॅट लावणं आज सक्तीचं आहे; ती नसेल तर उडीला शून्य. १९८८ मध्ये टोकियोतल्या एका स्पर्धेत अमेरिकेच्या ज्युलिसा गोमेझचा पाय बोर्डवरून निसटला, डोकं टेबलाच्या जागी तेव्हा असलेल्या घोड्यावर आपटलं, ती मानेखाली लुळी पडली आणि १९९१ मध्ये वारली. जुना अरुंद घोडा जाऊन आजचं रुंद टेबल २००१ मध्ये आलं.

यातल्या कितीतरी गोष्टी शिकताना मुलीचं वय दहा ते चौदा असतं, कारण ऑलिंपिकला पात्र व्हायचं तर त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावे लागतात आणि तोवर सगळं तयार हवं असतं. याच वयात मनगटातल्या मोठ्या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड लांबवणारा मऊ कूर्चेचा थर, उघडा असतो. बॅक हँडस्प्रिंगमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, तोही मनगट पूर्ण मागे वाकलेलं असताना. मनगटाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याकडे दुखायला लागलं आणि हात टेकल्यावर ते वाढलं, तर पट्टी बांधून सराव पुढे रेटायचा नाही. एक्स-रेमध्ये ग्रोथ प्लेट रुंदावलेली दिसली, तर हातावर वजन घेणं किमान काही आठवडे, बरेचदा काही महिने बंद ठेवावं लागतं. दुर्लक्ष झालं तर ती प्लेट वेळेआधी मिटते, करंगळीच्या बाजूचं हाड वाढतच राहतं आणि मनगट कायमचं दुखरं होतं.

आहाराचा हिशेबही इतकाच रोकडा आहे. ४८ किलोच्या मुलीत चरबी वगळता शरीर ४० किलोचं धरू. सरावात ६०० कॅलरी जळतात आणि तिने १८०० खाल्ल्या, तर उरतात १२००. म्हणजे दर किलोला ३०. हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती सगळं नीट चालायला ४५ च्या आसपास लागतात, म्हणजे तिने २४०० खायला हव्यात. ३० च्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली काट पाळीवर लावतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, आणि नेमकं ज्या वर्षांत हाडांची भरती व्हायची त्याच वर्षांत ती थांबते. हे आकडे प्रौढ स्त्रियांवरच्या अभ्यासातले आहेत. वाढत्या वयात गरज जास्तच. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा आलेली सलग तीन महिने चुकली, तर डॉक्टरांकडे जायचं. ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ हे वाक्य अनेक क्लबांत वर्षानुवर्षं सर्रास ऐकवलं गेलं आणि त्याची किंमत पायाच्या व कमरेच्या मणक्यांच्या हाडांनी तडे जाऊन मोजली.

विद्यापीठात आल्यावर चित्र पालटतं. मुलगी अठराची असते, ग्रोथ प्लेट बहुधा मिटलेल्या असतात. हंगामात सरावावर आठवड्याला २० तासांची आणि एक दिवस सुट्टीची मर्यादा असते. ऑलिंपिकच्या वाटेवर तीस तास सहज होत. पण आंतरराष्ट्रीय खेळाडू वर्षातून दोन-तीनदा शिखर गाठते, तर इथे जानेवारी ते एप्रिल जवळपास दर आठवड्याला सामना असतो. एका साधनावर संघाच्या सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरतात, एकूण २०० पैकी. पडण्याला इथे ०.५ जातात, आणि ती पडलेली एकच असेल तर तिचे गुण गाळता येतात; दुसरीही पडली की सामना हातचा गेला. म्हणून सगळा भर लँडिंग जागच्या जागी खिळवण्यावर, ज्याला स्टिक म्हणतात. पाऊल टाकलं तर उरलेला वेग त्यात निघून जातो. स्टिकमध्ये तो सगळा घोटे, गुडघे आणि कंबरेने गिळायचा असतो. लँडिंगचा भार काही वेळा शरीराच्या वजनाच्या दहापटीपर्यंत जातो. म्हणून शहाणे प्रशिक्षक आठवड्यातली बहुतेक लँडिंग मऊ मॅटवर घेतात आणि कडक मॅटवरची मोजून देतात.

विद्यापीठातली सर्वांत धसका घेण्यासारखी दुखापत मात्र लँडिंगची नाही. ती टेक-ऑफची आहे. फ्लोअरवर मागच्या दिशेने उडताना टाच खाली असते, घोटा पूर्ण वाकलेला असतो आणि त्याच क्षणी पोटरी पूर्ण ताकदीने आवळते. पोटरीला टाचेशी जोडणारा अकिलिस कंडरा तिथेच तुटतो. मग बहुतेक वेळा शस्त्रक्रिया होते आणि परतायला वर्षाच्या आसपास जातं.

पूर्वी या दोन वाटांतून एकच निवडावी लागे. बक्षिसाचे किंवा जाहिरातीचे पैसे घेतले की विद्यापीठाचं दार बंद. बाइल्सने २०१५ मध्ये ते दार स्वतःहून बंद केलं. जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागलं, आणि टोकियोत चारही साधनांच्या एकत्रित गुणांवर मिळणारं सर्वंकष सुवर्ण जिंकलेली सुनी ली ऑबर्न विद्यापीठात दाखल झाली. जेड केरी ओरेगन स्टेटला गेली, जॉर्डन चाइल्स यूसीएलएला. तिघीही परत येऊन २०२४ मध्ये पॅरिसच्या सुवर्णविजेत्या संघात होत्या, आणि सोबत २७ वर्षांची बाइल्स.

परतीच्या वाटेवर गिरकी पुन्हा मिळवणं त्यामानाने सोपं असतं. शरीर ती विसरलेलं नसतं. अवघड जातो तो दम. विद्यापीठात फ्लोअरवर दोन-तीन कोलांट्यांच्या रांगांत दहाची किंमत गाठता येते. आंतरराष्ट्रीय काठिण्यासाठी बऱ्याचदा चौथी रांग घालावी लागते, तीही त्याच ९० सेकंदांत, तिसरीनंतर पाय जड झालेले असताना. म्हणून परतणाऱ्या मुलीचे पहिले काही महिने नवं काही शिकण्यात जात नाहीत. आधी अर्धी कसरत सलग दोनदा, मग पूर्ण कसरत पिटमध्ये लँडिंग घेऊन, मग शेवटची रांग तेवढी कडक मॅटवर, अशी ती चौथी रांग हळूहळू अंगात मुरवावी लागते.