रोबो गप्प आहे, बंद नाही

सप्रेम नमस्कार.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांशी खेळणारा आमचा रोबो तुमच्या घरी आहे. त्याच्याबद्दल आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक एकाच वाक्याने सुरू होतात : "अहो, तुमचा रोबो मध्येच अडकतो." मग आमचा मुलगा चिंचवडहून हडपसरला जातो, ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास घालवतो, मशीन चालू करून बघतो, तर ते ठणठणीत! म्हणून हा कागद. फ्रिजवर लावून ठेवा.

ठोकळ्याचा खेळ तुम्हाला माहीतच आहे. ठोकळ्याच्या सहा बाजूंना सहा प्राणी. रोबो हत्ती मागतो, मूल ठोकळा उचलतं, हत्ती स्वतःकडे धरतं आणि "हा बघ" म्हणतं. रोबो म्हणतो, "मला हत्ती दिसत नाही, कारण हत्ती तुझ्या बाजूला आहे. माझ्या बाजूला मांजर आहे." एवढं बोलून तो गप्प होतो. छातीवरचा दिवा पिवळा होतो. तो 12 सेकंद थांबतो.

सगळा घोटाळा या 12 सेकंदांत होतो. आई म्हणते, "फिरव ना रे बाळा." बाबा हात धरून ठोकळा फिरवून देतात. आजोबा रोबोच्या डोक्यावरचं बटण दाबतात, आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो. ठोकळा फिरवायच्या बेतात असलेल्या मुलाला पुन्हा "नमस्कार, आज आपण खेळूया" ऐकावं लागतं. ते चिडलं तर दोष त्याचा नाही.

12 सेकंद फार वाटतात, मान्य. घड्याळ लावून बसा, आम्हालाही सुरुवातीला जड गेलं. पण बऱ्याच स्वमग्न मुलांना ऐकलेलं वाक्य मनात जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात आपण "सांग लवकर" म्हटलं की ते आणखी एक नवं वाक्य झालं, त्याचीही जुळणी आलीच. घाई केल्याने उत्तर लांबतं ते असं. पिवळा दिवा असेपर्यंत अळीमिळी गुपचिळी.

"रोबोला नुसतं 'चुकलं' म्हणायला लावा, वेळ वाचेल," असंही काही जण सुचवतात. ते आम्ही करणार नाही. 'चुकलं' म्हटल्याने काय चुकलं ते कळत नाही. समोरच्याला वेगळं दिसतं, हीच गोष्ट यातल्या अनेक मुलांना अवघड जाते, आणि 'कारण'च्या पुढचे चार शब्द तेवढ्यासाठीच आहेत. ही कल्पना आमची नाही. ब्रिटनमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठात 2005पासून कॅस्पर नावाच्या रोबोवर काम झालं आहे. लहान मुलाएवढा, मुद्दाम साधा चेहरा, म्हणजे मुलाला वाचायला हावभाव कमी. त्याला जोरात मारलं तर तो दुखलं म्हणून सांगतो. आपल्या वागण्यामुळे समोरच्याला काय होतं, ते मुलाला तिथल्या तिथे कळतं. दिसण्या-न दिसण्याचे खेळ आणि कारण सांगणारी वाक्यंही तिथे करून पाहिली आहेत. आमचं मशीन त्यापेक्षा बरंच साधं आहे. वाक्यांमागचा विचार मात्र तोच.

दुसरी तक्रार, तो तेच तेच बोलतो. हो, मुद्दाम. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने एकाच गोष्टीची पाच वाक्यं भरली होती. मोठी माणसं खूश झाली, मुलं गोंधळली. आम्ही चार काढून टाकली.

रोबोने ऑटिझम बरा होत नाही, आणि कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका. तुमच्या थेरपिस्टना विचारूनच वापरा. त्या नको म्हणाल्या तर पहिल्या महिन्यात अनामत परत. खरं काम तर रोबो बाजूला ठेवल्यावर सुरू होतं. तीन डाव झाले की तुम्ही त्याच्या जागी बसा, तोच ठोकळा, तेच वाक्य, आणि हो, तीच 12 सेकंद. वाक्यांची कार्डं पेटीत आहेत, हरवली तर फुकट देऊ.

घरात मांजराला 'माऊ' म्हणत असाल तर रोबोनेही 'माऊ'च म्हणावं. असे 20 शब्द आम्ही विनामूल्य बदलून देतो. वऱ्हाडी, मालवणी, काहीही चालेल. तुमच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवा.

लाल दिवा म्हणजे खरोखर बिघाड. तेव्हा फोन करा, पुणे-पिंपरीत माणूस त्याच दिवशी येईल, पैसे नाहीत. पिवळ्या दिव्याला बोलावलंत तर भेटीचे 350 रुपये. घेताना आम्हालाही बरं वाटत नाही.